चमकवायला आणलेली बोट: एका ॲल्युमिनियमच्या होडीचं प्रकरण

जूनचा तिसरा आठवडा होता आणि पाऊस धरून बसला होता. कळंबोलीतल्या माझ्या शेडसमोर एक ट्रेलर येऊन थांबला. त्यावर कंटेनर नव्हता, साडेसात मीटर लांबीची बोट होती. बाजूंवरून पांढरे-काळे ओघळ उतरलेले, तळाला काळपट थर, आणि दोरी बांधायच्या खुंटांभोवती पिठासारखी पांढरी भुकटी.

मी गेली सोळा वर्षं ट्रकचं ॲल्युमिनियम पॉलिश करतो. उरणच्या बंदराकडून येणारे ट्रेलर हे माझं मुख्य गिऱ्हाईक. डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या, चाकं, पायऱ्यांचे पत्रे असं सगळं येतं. बोट कधी आली नव्हती. या बोटीच्या मालकाचे चार ट्रेलर माझ्याकडे नियमित असतात आणि खाडीत, बंदराच्या तोंडाशी पाण्याची खोली मोजायची कंत्राटंही तो घेतो. बोट त्याच कामाची. तो उतरला आणि म्हणाला, "माझ्या ट्रेलरची चाकं जशी आरशासारखी केलीत, तशी ही अख्खी बोट करून द्या. नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरवायची आहे."

बरोबर उरणजवळच्या करंजा गावचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, होते, साठीच्या आसपासचे. ते काही बोलले नाहीत. खाली वाकून तळाकडे बघत राहिले.

हे प्रकरण तपशिलात लिहितोय, कारण ट्रकवर काम करणारे आम्ही लोक आता बोटीही हातात घ्यायला लागलो आहोत. धातू तोच आणि सामान तेच, म्हणून काम तेच असेल असं वाटतं. तसं नसतं.

आधी काय झालं होतं

मालकाने सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी. मे महिन्याच्या शेवटी बोट पाण्याबाहेर काढली. तळाला शेवाळ आणि कवचाच्या जीवांचा थर होता, इंजिनाच्या बाजूला तेलाचा चिकटा होता. ट्रेलर धुतात त्याच हायवेवरच्या वॉशिंग सेंटरवर बोट नेली. तिथल्या पोरांनी तारेच्या ब्रशने कवचं खरवडली आणि कसल्याशा पांढऱ्या पावडरच्या पाण्याने चिकटा काढला. बोट काळी पडली. काळी पडली म्हणून ट्रकच्या टाक्यांना लावतात ते 'ब्राइटनर' फवारलं. मग ती पांढरी झाली. तोवर दुपार झाली होती, ऊन कडक होतं. पाणी मारेपर्यंत अर्धी बाजू वाळून गेली.

यातली पावडर कसली होती हे ऐकूनच कळलं. कॉस्टिक सोडा, आम्लाच्या उलट टोकाचा जहाल क्षार. ब्राइटनरचा पत्ता मात्र केबिनच्या काचेने दिला. काचेच्या खालच्या कडेला धुरकट ओघळ होते. नखाने जाईनात, थिनरने जाईनात, हाताचं बोट फिरवलं तर खरखरीत लागत होते. एका धुण्यात काच खाऊ शकणारी आम्लं फ्लोराइडच्या घराण्यातलीच. म्हणजे त्या कॅनमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, नाहीतर त्याच जातीचं अमोनियम बायफ्लोराइड.

इथे जरा थांबून सांगायलाच हवं. हे आम्ल बाकीच्या आम्लांसारखं नाही. सल्फ्युरिक सांडलं तर माणूस तिथल्या तिथे ओरडतो. हे पातळ स्वरूपात हातावर पडलं तर कित्येकदा लगेच काहीच होत नाही. काही तासांनी, रात्री झोपेत, बोटं आतून जळायला लागतात. तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम धरायला लागलेलं असतं. जास्त अंगावर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे भरपूर पाण्याने धुणं, मग कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि ताबडतोब दवाखाना. डॉक्टरांना आम्लाचं नाव सांगणं तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे ही पोरं चपला घालून, उघड्या हातांनी, वाऱ्याच्या उलट्या दिशेने उभं राहून हे फवारतात. कॅनवर नाव नसतं. त्या वॉशिंग सेंटरवर मी स्वतः जाऊन बोललो. तिथल्या एका पोराच्या नखाखाली काळसर डाग होते. ते कशाने झाले ते मी सांगू शकत नाही, पण हातमोजे आणि जेलची ट्यूब त्यांना देऊन आलो.

जर्मनचं पातेलं

कॉस्टिकने काळं आणि आम्लाने पांढरं का झालं, हे समजायला आमच्या घरचं स्वयंपाकघर पुरेसं आहे. आई ॲल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणायची. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार उकळलं की पातेलं आतून लख्ख. तेच पातेलं धुण्याच्या सोड्यात बुडवून ठेवलं की काळंठिक्कर. ती कधी राखेने जर्मन घासायची नाही. राख पितळेला, जर्मनला नाही.

कारण असं की ॲल्युमिनियम उघडं कधी राहतच नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, दोन ते चार नॅनोमीटरचा. माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा-वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग. एवढ्याशा पापुद्र्यावर हा धातू टिकतो. हा पापुद्रा पीएच साधारण ४ ते ९ च्या मध्ये स्थिर असतो (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, ७ म्हणजे मधोमध). त्याच्या खाली गेलात, म्हणजे तीव्र आम्लात, तर विरघळतो. वर गेलात, म्हणजे कॉस्टिकमध्ये, तरी विरघळतो. कॉस्टिक तर पापुद्रा काढून थांबत नाही, धातूच खायला लागतं आणि हायड्रोजन सोडतं. तेव्हा दिसणारे बुडबुडे हे तेच. बोटीच्या पत्र्यात मॅग्नेशियम, मँगेनीज, थोडं लोह असतं. ॲल्युमिनियम विरघळून जातं आणि ही मंडळी काळ्या काजळीसारखी वर राहतात. बोट काळी पडली ती यामुळे. मळ नव्हता तो, पत्र्याचाच उरलेला गाळ होता.

समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या जरा वर असतो, म्हणजे पापुद्र्याला मानवणारा. म्हणून ५०८३ सारख्या मिश्रधातूची बोट रंग न लावताही खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहू शकते. राखाडी पडते, पण सडत नाही. तो राखाडी रंग म्हणजे रोग नव्हे. हे मालकाला पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तपासणी

पहिल्या दिवशी आम्ही बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, हातात घेतलाच नाही. बोट शेडमध्ये घेतली, गोड्या पाण्याने दोनदा धुतली आणि वाळू दिली.

मग कापडाची चाचणी केली. ट्रकवाल्यांना ती माहीत असायलाच हवी. पांढऱ्या सुती कापडावर थोडी मेटल पॉलिश घ्यायची आणि कोपऱ्यात घासायची. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे. काळं झालं नाही, तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंग, आहे किंवा ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा थर, आहे, आणि तिथे पॉलिश घासणं म्हणजे चांगला थर ओरबाडून काढणं. ट्रकच्या काही चाकांना कारखान्यातूनच प्रक्रिया केलेली असते. अल्कोआचं ड्युरा-ब्राइट त्यातलंच. त्याला साबण-पाणी पुरतं. अशी चाकं बफ करून वाया घालवलेली मी पाहिली आहेत. बोटीवर कापड सगळीकडे काळं झालं, फक्त खिडकीच्या चौकटी ॲनोडाइज्ड निघाल्या. त्यांना चिकटपट्टी लावून बाजूला काढलं.

पत्रे एकमेकांवर आलेल्या जोडांच्या फटीत डिस्टिल्ड पाण्याचे थेंब सोडले आणि पीएचची पट्टी टेकवली. दोन ठिकाणी पट्टी आम्लाकडे झुकली. महिना होत आला तरी ब्राइटनर फटीत बसून होतं. बाजूंवर डोळे बारीक करून पाहिलं तर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसत होत्या, ब्रशच्या फटकाऱ्यांच्या दिशेने. ॲल्युमिनियम गंजून कधी तपकिरी होत नाही. ते लोखंडाचे कण होते, तारेच्या ब्रशमधून मऊ पत्र्यात रुतलेले.

हे सगळं वरवरचं होतं. खरी गोष्ट तांडेलांनी दाखवली. ते म्हणाले, "आतली फळी उचला आधी. बाहेरचं काय बघता?"

बोटीच्या तळात पायाखाली प्लायवूड होतं आणि त्यावर हिरवी सतरंजी. दोन्ही ओलीचिंब. प्लाय उचलला तेव्हा खाली राखाडी चिखल होता आणि चिखलात वायरमनने सोलून टाकलेल्या तांब्याच्या तारांचे तुकडे. पेराएवढे, सात-आठ. प्रत्येक तुकड्याखाली खड्डा. चिखल पुसून खोली मोजायचा डायल गेज लावला. ५ मिलिमीटरच्या पत्र्यात सगळ्यात खोल खड्डा २.१ मिलिमीटर.

तांबं आणि ॲल्युमिनियम, मध्ये खारं पाणी. ही बॅटरी झाली, आणि अशा बॅटरीत नेहमी ॲल्युमिनियमच झिजतं. शिवाय ओल्या सतरंजीखाली हवा पोचत नाही, त्यामुळे पापुद्रा परत धरत नाही. मालक बाजूंच्या ओघळांसाठी आला होता आणि बोट आतून अर्धी खाल्ली गेली होती. दुसऱ्या मोसमात कधीतरी भर खाडीत पाणी वर आलं असतं.

माझं वेल्डिंगचं ज्ञान ट्रकच्या टाकीपुरतं. म्हणून गोदीतून निवृत्त झालेले एक वेल्डरकाका आणले. त्यांनी खड्डे वेल्डने भरायला साफ नकार दिला. दोन जागी पत्रा कापून नवा तुकडा घातला, तोही कोपरे गोल करून. चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो, असं ते कापता कापता माझ्या शेडमधल्या पोराला समजावत होते. वेल्डिंगची तार ५१८३ या मिश्रधातूची. बाकीचे उथळ खड्डे स्वच्छ करून इपॉक्सीने भरले.

मालकाचा फोन आला तेव्हा मी त्याला चमकेबद्दल काही बोललो नाही. खड्ड्यांचे फोटो पाठवले. संध्याकाळी तो स्वतः आला आणि बराच वेळ आत बसून राहिला.

कुठे थांबायचं

माझं मत मी त्याच दिवशी सांगितलं. बोट तीन पट्ट्यांत बघायची. पाण्याखालचा भाग, पाण्यावरच्या बाजू, आणि वरचं रेलिंग.

पाण्याखाली पॉलिश नको. तिथे रंग धरायला खडबडीत पृष्ठभाग लागतो, आरशावर प्रायमर बसत नाही. बाजूंना आरसा नको, कारण वेल्डिंगने पत्रा थोडा लाटांसारखा झालेला असतो. साध्या फिनिशमध्ये ते दिसत नाही, आरशात प्रत्येक लाट ओरडून सांगते. शिवाय खाऱ्या हवेत आरसा काही आठवड्यांत मावळतो. मालकाला वेल्डचे उंचवटे घासून सपाट हवे होते. तेही नाही. तो उंचवटा शोभेचा नाही, जोडाची ताकद आहे त्यात.

राहिलं रेलिंग. ते हाताशी असतं, रोज पुसता येतं. तिथे हवी तेवढी चमक घ्या म्हटलं.

"मग ट्रकला का चालतं?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. ट्रकची टाकी आठवड्याला धुतली जाते, पाण्यात बुडून राहत नाही, तिच्याजवळ तांबं नसतं. ती झिजली तर ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. आणि ट्रकवर चमक हा ड्रायव्हरचा मान असतो. त्याची मला पूर्ण कदर आहे, माझं घर त्यावर चाललंय.

वाद संपवला तो तांडेलांनीच. केबिनचं टप ते बोटाने वाजवून म्हणाले, "हे चमकवलं तर दुपारी मला समोरची बोया दिसायची नाही. ऊन सरळ डोळ्यात." बोया म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. टपाला आणि पुढच्या डेकला शेवटी मॅट राखाडी रंग दिला. ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून त्यात बारीक वाळू मिसळली.

काम

फटीतलं आम्ल आधी घालवायचं होतं. त्यासाठी खाण्याचा सोडा, पातळ करून. धुण्याचा सोडा नाही. नावात एका शब्दाचा फरक आहे, पण धुण्याच्या सोड्याचा पीएच ११ च्या आसपास जातो आणि तो परत धातू खातो. सोडा ब्रशने फटीत घातला, वर भरपूर गोडं पाणी, आणि पट्टी सात दाखवेपर्यंत हेच. दोन दिवस गेले.

मग ओघळ आणि लोखंडाचे ठिपके. पातळ सायट्रिक आम्ल घेतलं, म्हणजे लिंबाचंच सत्त्व. यात एक गोष्ट ट्रकवरही लागू आहे आणि वॉशिंग सेंटरवर बहुतेक सगळे उलटी करतात. उभ्या बाजूला क्लीनर लावायचं ते खालून वर. वरून खाली लावलं तर थेंब कोरड्या पत्र्यावरून ओघळतो आणि तिथे आधी काम करतो. मग ती रेघ कितीही धुतली तरी दिसत राहते. पत्रा सावलीत आणि थंड असला पाहिजे. एका वेळी हाताच्या पोचेएवढाच भाग घ्यायचा, आणि तो ओला असतानाच धुऊन काढायचा.

ओघळांचे खोल चट्टे मात्र आम्लाने जाणार नव्हते, तिथे धातूच कमी झाला होता. ऑर्बिटल सँडरवर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८० आणि २४० (नंबर वाढला की पेपर बारीक). ॲल्युमिनियम मऊ असल्याने पेपरात भरतं आणि भरलेला पेपर पत्र्यावर खोल ओरखडे काढतो. साबणाचं पाणी शिंपडत राहिलं की पेपर मोकळा राहतो आणि भुकटीही उडत नाही. शेवटी मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट, म्हणजे घासायची खरखरीत जाळी, हाताने, नाळेपासून म्हणजे पुढच्या टोकापासून मागेपर्यंत एकाच दिशेने. गोल गोल फिरवायचं नाही. एका दिशेच्या रेघा डोळ्याला शांत वाटतात, आणि पुढच्या वर्षी ओरखडा पडला तर त्याच दिशेने पुन्हा हात फिरवला की मिसळून जातो.

तारेचा ब्रश आणि लोखंडी काथ्या शेडबाहेर ठेवला होता. भुकटीचीही वेगळी व्यवस्था केली. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी हवेत उडाली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि त्यात लोखंडाचा गंज मिसळला तर आग आणखी भयंकर. लोखंडाचं ग्राइंडिंग ते आठवडे बंदच ठेवलं. ओला गाळ झाकण घट्ट लावून ठेवायचा नाही, त्यात हायड्रोजन धरतो. आमच्या धंद्यात ह्याबद्दल फार कमी बोललं जातं. पोरं रोज त्या धुळीत उभी असतात.

रेलिंगला ३२० पासून ८०० पर्यंत वॉटर पेपर, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवा. आधीच्या पेपरची एक रेघ जरी राहिली तरी पुढे ती जात नाही, बफ तिला फक्त चकचकीत करतो. मग सिसल बफ (जाड वाखाचा) आणि तपकिरी लस्टर, म्हणजे बफला लावायची पॉलिशची वडी, त्यानंतर सुती बफ आणि पांढरं लस्टर. शेवटचा काळसर तेलकटपणा कॉर्नफ्लोअर शिंपडून मऊ कापडाने पुसला. अमेरिकेतले ट्रकवाले यासाठी पीठ वापरतात. तेल आणि काळं दोन्ही ते ओढून घेतं.

इथे माझ्याकडून चूक झाली. तीन दिवसांनी उजव्या रेलिंगवर तपकिरी बारीक ठिपके उमटले. शोध घेतला तेव्हा समजलं की त्या बाजूला मी जो सुती बफ लावला, तो आधी एका ट्रकच्या लोखंडी बंपरवर वापरलेला होता. ज्या गोष्टीसाठी मी वॉशिंग सेंटरला बोललो होतो तीच मी केली होती. सगळी बाजू ६०० पासून परत घेतली, दीड दिवसाचं काम. तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या बफना निळा दोरा बांधलेला असतो आणि त्यांचा खोका वेगळा.

खुंटांचे बोल्ट स्टेनलेसचे होते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांचंही खाऱ्या पाण्यात जमत नाही, पांढरी भुकटी त्याचीच. बोल्ट बदलायची गरज नव्हती. खाली नायलॉनचे वॉशर घातले, आट्यांना अलग ठेवणारी पेस्ट लावली, आणि भोकाच्या कडा आधी स्वच्छ केल्या.

रंग आणि पाऊस

शेवाळ आणि कवचं धरू नयेत म्हणून तळाला रंग देतात. त्यासाठी तांडेलांनी आपल्या लाकडी होडीतला उरलेला डबा आणला होता. लाल, चांगल्या प्रतीचा. लेबल वाचलं तर त्यात तांब्याचं ऑक्साइड. लाकडाला उत्तम, ॲल्युमिनियमला विष. आतल्या तारांनी जे केलं तेच हा रंग बाहेरून करू शकला असता, अख्ख्या तळावर. डबा परत गेला. तांबं नसलेला रंग मागवला.

ॲल्युमिनियमवर इपॉक्सी प्रायमर लावायचा तर सँडिंगनंतर काही तासांत लावावा लागतो, नाहीतर पापुद्रा जाड होतो आणि पकड सुटते. आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावं. पनवेलच्या जुलैत हे जमवून दाखवा! आर्द्रतेचा काटा रोज ९० च्या वर. सहा दिवस आम्ही नुसते काट्याकडे बघत होतो. मालकाचे फोन येत होते. पोरगं एकदा म्हणालं, "मारून टाकूया ना दादा, कोण बघतंय." मी नाही म्हटलं. शेवटी ताडपत्रीचा तंबू केला, आत हॅलोजन आणि ब्लोअर लावले आणि दुपारच्या उघडिपीत काटा ७८ वर आला. सकाळी सँडिंग, दुपारी प्रायमर. त्या दिवशी कोणी जेवायला गेलं नाही.

मागच्या बाजूला, इंजिनाखाली, जस्ताचे दोन ठोकळे होते. हे झिजण्यासाठीच लावलेले असतात. जस्त आधी झिजतं, म्हणून ॲल्युमिनियम वाचतं. दोन्ही ठोकळ्यांवर जुन्या रंगाचा जाड थर. मागच्या वेळी कोणीतरी तळ रंगवताना त्यांच्यावरूनही ब्रश फिरवला होता. रंगाखाली जस्त नव्यासारखं, एक खरचटाही नाही. म्हणजे सगळा मोसम त्यांनी काहीच काम केलं नव्हतं. नवे ठोकळे लावले आणि रंगवताना त्यांवर चिकटपट्टी ठेवली. चिकटपट्टी काढायचं काम तांडेलांनी स्वतः केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

आतली सतरंजी फेकली. नव्या फळ्यांखाली रबराच्या पट्ट्या दिल्या, म्हणजे खालून हवा जाईल. फळीला कीड लागू नये म्हणून लावतात त्यातली काही औषधं तांब्याची असतात, तसली फळी घेतली नाही.

नंतर

नारळी पौर्णिमेच्या पाच दिवस आधी बोट गेली. मालकाने बाजूवरून हात फिरवला आणि गप्प राहिला. आरसा नव्हता. रेलिंगपाशी गेल्यावर जरा हसला. त्याची थोडी निराशा झाली हे मला दिसलं आणि मला त्याचं वाईटही वाटलं. सोळा वर्षं मी लोकांना चमक देऊनच खूश केलंय.

जाताना तांडेलांना एवढंच सांगितलं. खाडीतून आलं की गोड्या पाण्याने धुवायची, आतला तळ आधी. रेलिंगला महिन्याला मेणाचा हात. साबण साधा, भांड्यांचा. आणि वायरमन काम करून गेला की खाली वाकून तारांचे तुकडे वेचायचे.

नोव्हेंबरमध्ये करंजाला गेलो होतो. रेलिंग वाऱ्याच्या बाजूने मंद झालं होतं, दुसऱ्या बाजूने अजून चेहरा दिसत होता. बाजू एकसारख्या राखाडी, एक ओघळ नाही. फळी उचलून दाखवली, तळ कोरडा होता.

मार्चमध्ये दुरुस्तीसाठी बोट पुन्हा वर काढली तेव्हा तांडेलांनी फोन करून बोलावलं. मागच्या बाजूला वाकून त्यांनी जस्ताचा ठोकळा दाखवला. कडा खाल्लेल्या, पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा, जवळजवळ अर्धा संपलेला. पत्र्यावर बाजूला कुठे टाचणीएवढाही खड्डा नव्हता. आम्ही जुना काढून नवा बसवला. जुना त्यांनी खिशात टाकला, मालकाला दाखवायला.